पोरगं वायडीच्या (वर्ष वाया जाण्याच्या) काठावर आणि सगळा गट त्याच्याच खांद्यावर: कोल्हापुरातलं एक प्रकरण

कॉलेजमधल्या ख्रिस्ती मुलामुलींच्या गटात पुढचे लीडर कसे तयार करायचे यावर बोलणारे बक्कळ आहेत. शिबिरं होतात, फाईल मिळते, पेन मिळतं, शेवटच्या रात्री रडारड आणि प्रार्थना होते आणि सोमवारी जो तो आपल्या लेक्चरला. म्हणून मी एकच प्रकरण घेतोय, आमच्या कोल्हापुरातलं, आणि ते सगळं सांगतोय, जिथं जमलं तेही आणि जिथं अजून घोळ आहे तेही. ओळख पटू नये म्हणून गाव, विषय, ब्रँच असे काही तपशील इकडचे तिकडे केलेत, नावं तर घेतच नाही. मुलाला मी मेकॅनिकल म्हणतो, कारण गटातली निम्मी पोरं त्याला तशीच हाक मारायची. जी बाई या गटाची मेंटॉर आहे तिला सगळे ताई म्हणतात, आपणही ताईच म्हणू. ताई शाळेत शिकवते, पूर्णवेळ सेविका वगैरे नाही, शाळा, घर, सासूबाईंचं बीपी आणि त्यातून वेळ काढून हा गट. शिकून बाहेर पडलेले, नोकरीला लागलेले आम्ही चारपाच जण तिच्या मदतीला असतो, त्यातला मी एक.

गट शनिवारी संध्याकाळी शाहूपुरीत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मागच्या खोलीत बसतो. पोरं कुठून कुठून येतात तर कसबा बावड्याच्या इंजिनिअरिंगची, विद्यापीठाच्या होस्टेलवरची, राजाराम कॉलेजची, नर्सिंगच्या मुली. गावं म्हणाल तर गडहिंग्लज, आजरा, कागल, निपाणी, मिरज. बहुतेक जण ख्रिस्ती घरातले, दोनतीन रूममेटबरोबर सहज आलेले. कोल्हापुरात बाहेरगावच्या पोरांनी शिकायला येऊन राहणं काही नवीन नाही, शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली तेव्हापासून हे शहर दुसऱ्यांची पोरं सांभाळतंयच. पण बोर्डिंगला निदान एक रेक्टर असतो. आमच्या गटाला रेक्टर म्हणजे हा मेकॅनिकल, तोही तिसऱ्या वर्षाचा.

पोरगं खरंच गुणी. गिटार वाजवतो, आवाज चांगला, नवीन आलेल्याचं नाव पुढच्या शनिवारी न विसरता घेतो, आणि नाही म्हणणं त्याला माहीतच नाही. पहिल्या वर्षाला आला तेव्हा आधीचा लीडर शेवटच्या सेमिस्टरला होता. त्यानं जाताना जूनमध्ये याच्या हातात खोलीची किल्ली ठेवली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि पुण्याला नोकरीवर हजर झाला. हेच हॅन्डओव्हर. यापलीकडं ना कागद ना बसून बोलणं, आणि खरं सांगायचं तर अशी हॅन्डओव्हर मी कोल्हापुरात, सांगलीत, मिरजेत इतक्या ठिकाणी बघितलीय की कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही.

मग उन्हाळ्याचा निकाल लागला. आधीचा एक विषय राहिलेलाच होता, आता दोन वाढले, त्यात मॅथ्स थ्री. त्याच्या कॉलेजच्या नियमानं अजून एखादा राहिला असता तर वायडी, म्हणजे वर्ष घरी बसून काढायचं. आणि वायडी नाही बसला तरी लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय, असलेल्या पोराला बऱ्याच कंपन्या कॅम्पसला उभंच करत नाहीत, हे इंजिनिअरिंगच्या आईबापांना पाठ असतं.

पुढच्याच रविवारी त्याचे वडील आले. उपासना सुटल्यावर थेट ताईच्या घरी, सायबर कॅफेतून काढलेली मार्कलिस्टची प्रिंट चौघडी करून शर्टाच्या खिशात. कागल तालुक्यातला माणूस, साखर कारखान्यात नोकरी, गावच्या मंडळीत कमिटीवर. म्हणजे मंडळीला शिव्या घालणारा माणूस नव्हे, हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा वेळी आपल्याकडं लगेच 'घरचे विश्वासात कच्चे आहेत' असा शिक्का मारायची सवय असते.

"सलाम ताई," त्यांनी दारातनंच सुरुवात केली, "तुमी लोकं चांगलं काम करताय ह्यात वाद न्हाई. पण माझं पोरगं शनवारी तुमच्याकडं, ऐतवारी तुमच्याकडं आणि बुधवारी कुणाच्या तरी होस्टेलात आजारी पोराच्या उशाला. मग ह्यो इंजिनेर हुणार कवा?"

ताईनं बायबलचं वचन काढलं नाही. प्रिंट मागून घेतली, चष्मा लावून एकेक विषय वाचला, कुठल्या पेपरला इंटर्नल किती आणि लेखी किती ते विचारलं, जे त्या वडिलांनाही माहीत नव्हतं. चहा टाकला. मग म्हणाली, "भाऊ, तुम्हाला काय व्हायला हवंय ते एकदा सरळ सांगा."

"परीक्षा हुईस्तोवर समदं सोडावं त्यानं." थोडं थांबले आणि पुढं जे म्हणाले ते माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणं वाक्य. "आमच्या मंडळीतबी असंच चालतंय बगा. एक काम करणारा घावला की समदं त्याच्याच गळ्यात. मग त्यो मेला काय आन् जगला काय."

बायबलात निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो नेमकं हेच बोलतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक मोशेपुढं उभे, आणि सासरा बघून सांगतो की बाबा हे काही खरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. लीडरशिपच्या प्रत्येक शिबिरात हा अध्याय घेतात आणि घेऊन झाला की बाहेर येऊन त्याच एका पोराला सांगतात, जरा खुर्च्या उचल.

त्या आठवड्यात आमची टीम बसली तेव्हा मतं काही जुळेनात. बँकेत असलेला आमचा एक मित्र, विश्वासानं एकदम कडक, त्याचं म्हणणं की आता काढून घेतलं तर पोरगं खचेल, आधी देवाचं राज्य मिळवायला झटा असं बायबलात म्हटलंय, बाकी देव बघतो. दुसऱ्या एकीचं म्हणणं अगदी उलट, आईबाप म्हणतायत तर पूर्ण बंद, गटातही यायचं नाही. मी बँकवाल्याशी भांडलो. देव बाकीचं बघतो हे खरं, पण मॅथ्स थ्रीचा पेपर देव लिहीत नाही आणि अभ्यास न करता पास होण्याची आशा धरून बसण्याला विश्वास म्हणायचं असेल तर मग कॉपी करणाऱ्याचा विश्वास त्याहून मोठा म्हणावा लागेल. बरं, इतिहास बघितला तर विद्यार्थ्यांत काम करणारे लोक अभ्यासाला दुय्यम मानत नाहीत. यूईएसआय ही ख्रिस्ती विद्यार्थ्यांत काम करणारी संघटना १९५४ पासून भारतात कॉलेजांमधून काम करतेय, त्यांची पद्धतच अशी की कॉलेजातला गट विद्यार्थ्यांनीच चालवायचा, पदवीधरांनी आणि स्टाफनं पाठीशी उभं राहायचं. विद्यार्थ्यानं चालवायचा म्हणजे तो आधी विद्यार्थी हवा ना! नापास होऊन कॉलेजबाहेर पडला की कॅम्पस कुठला आणि मिनिस्ट्री, म्हणजे तिथली ख्रिस्ती सेवा, कुठली.

ताई दोघांचं ऐकून म्हणाली, आपण सगळे त्याच्याबद्दल बोलतोय, त्याच्याशी कुणी बोललंय का.

तर मंगळवारी संध्याकाळी त्याला घरी बोलावला. स्वयंपाकघरातच, ताई मेथी निवडत होती, तिचे मिस्टर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. हा तिचा ठरलेला नियम, मुलगा असो की मुलगी, बंद दाराआड एकटं कुणाशी बोलायचं नाही, घरात दुसरं कुणीतरी असलंच पाहिजे. नवीन मेंटॉरना हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा, पुढं फार त्रास वाचतात. तिनं त्याच्यापुढंही एक जुडी सरकवली. हातांना काम असलं की पोरं बोलतात म्हणे, आणि ते खरंय. सुरुवातीला तो वेळ मिळत नाही, मॅनेजमेंट जमत नाही असलं पाठ केलेलं बोलत राहिला. ताई गप्प. मग देठ खुडता खुडता म्हणाला, की ताई, बारावीपर्यंत मी वर्गात पहिल्या तिघांत असायचो, इथं आलो आणि पहिल्याच सेमला मॅथ्समध्ये मला शब्द कळेना, प्रॅक्टिकलला सर सगळ्यांसमोर बोलले, आणि शनिवारी इकडं आलो की सगळे म्हणायचे, वा, काय प्रार्थना केलीस.

म्हणजे बघा, वेळेचं कोष्टक हा विषयच नव्हता. जिथं मार खात होता तिथून पळून तो जिथं कौतुक होत होतं तिथं येऊन लपला होता, आणि आम्ही सगळे त्या लपण्याला समर्पण म्हणत होतो. सेवेत झोकून दिलेलं पोरगं दिसलं की आपल्याला आनंद होतो, तो साहजिक आहे, पण ते कशापासून तरी पळतंय का हे विचारायला मेंटॉर लागतो. कौतुक करायला अख्खी मंडळी असते.

त्यानंतर ताईनं त्याला वहीचं पान दिलं आणि म्हणाली गेल्या आठवड्यात गटासाठी काय काय केलंस ते लिही, बारीकसारीक सगळं. ते पान मी नंतर बघितलं. गुरुवारी रात्री ग्रुपवर मेसेज टाकणं, जे बघत नाहीत त्यांना फोन, गाणी निवडून कॉर्ड लिहिणं, वॉचमनकाकांकडून किल्ली, सतरंज्या घालणं, बावड्याहून दोन फेऱ्या मारून नवीन पोरांना गाडीवरून आणणं, बायबल स्टडीची तयारी, स्टडी घेणं, चहाचे पैसे, जाताना मुलींना रिक्षात बसवणं, सतरंज्या झाडून घड्या, किल्ली परत, पाळकसाहेबांना निरोप, टायफॉइड झालेल्या पोराला बुधवारी डबा, कॅम्पची वर्गणी गोळा करणं, आणि सगळ्यात खाली लहान अक्षरात, रात्री फोन. म्हणजे कुणाचं घरी भांडण, कुणाचं ब्रेकअप, कुणाला झोप येत नाही, ते सगळे रात्री अकरानंतर याला फोन करणार. ताईनं त्या यादीवर एकच प्रश्न विचारला, यातलं तुझ्याशिवाय कोण करू शकतं ते पुढं लिही. चहाच्या पैशांपुढं त्यानं एक नाव लिहिलं. बाकी सगळ्यापुढं रेघ.

इथं जरा विषयांतर करतो, कारण कोल्हापूरकरांना हे माहीत असायला हवं आणि बऱ्याच जणांना नसतं. ज्या वायल्डरसाहेबांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात येऊन मिशनचं काम सुरू केलं त्यांचा मुलगा रॉबर्ट वायल्डर १८६३ मध्ये इथंच, आपल्या कोल्हापुरात जन्मला. पुढं अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मनला २५१ कॉलेज विद्यार्थ्यांचं महिनाभराचं शिबिर झालं, हा तिथं एकेकाला गाठून परदेशी सेवेसाठी तयार करत होता, त्याची बहीण ग्रेस घरी त्यासाठी प्रार्थना करत होती, आणि शिबिर संपेपर्यंत १०० जण तयार झाले. नंतर वर्षभर तो आणि लाहोरच्या मिशनऱ्याचा मुलगा जॉन फोरमन असे दोघं अमेरिकेतली कॉलेजं पालथी घालत फिरले. त्यातनंच स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट उभी राहिली, जगभरच्या विद्यार्थी मिशन कामातलं फार मोठं नाव. इथवर शिबिरात सांगतात. पुढचं सांगत नाहीत. दोघं परत आपल्या अभ्यासाला लागले आणि पुढच्या वर्षी फिरायला कुणी नव्हतं, काम विस्कटायला लागलं. मग १८८८ मध्ये बसून रीतसर कमिटी केली, जॉन मॉट हा त्याच शंभरातला तरुण तिचा अध्यक्ष झाला, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, आणि त्यानं पुढं कितीतरी वर्षं ते ओढलं. मॉटला १९४६ चं शांततेचं नोबेल मिळालं. कोल्हापुरात जन्मलेल्या त्या पेटत्या माणसाबद्दल मला आदर आहेच, पण मला त्या मधल्या रिकाम्या वर्षात जास्त रस आहे. इतक्या मोठ्या चळवळीचं एका वर्षात असं होत असेल तर शाहूपुरीतल्या आमच्या खोलीची काय कथा.

ताईचा निर्णय असा झाला की मेकॅनिकलनं गटात यायचं, पण परीक्षा होईपर्यंत एकही जबाबदारी घ्यायची नाही, शनिवारी दोन तास येऊन इतरांसारखं सतरंजीवर बसायचं आणि घरी जायचं. रात्री दहानंतर फोन बंद. ज्यांचे फोन येत होते त्यांना ताईनं स्वतः भेटून सांगितलं की आता माझ्याकडं या, आणि त्यातल्या एका मुलीला खरंच समुपदेशकाकडं न्यावं लागलं. हे एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं कित्येक महिने एकटं पेलत होतं हे कळलं तेव्हा आमच्या बँकवाल्याचाही सूर जरा उतरला. मॅथ्ससाठी ताईनं तिच्या ओळखीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांकडं त्याला पाठवलं, फुकट नाही, फी ठरवून. वडिलांना फोन करून सगळं सांगितलं.

पोरानं मात्र वाईट वाटून घेतलं. "म्हणजे मला काढलं का?" असं थेट विचारलं त्यानं. ताई म्हणाली काढलेलं नाही, उतरवलंय. त्याला तेव्हा त्यातला फरक पटला नाही, आणि मला वाटतं कुठल्याच विसाव्या वर्षाच्या माणसाला पटत नाही. दोन शनिवार आलाच नाही. तिसऱ्या शनिवारी आला, मागं बसला, गिटार आणली नव्हती. गटासमोर मात्र ताईनं स्वतः उभं राहून सांगितलं होतं की हा माझा निर्णय आहे, शिक्षा नाही, कुणी कुजबुजायचं नाही. हे बोलणं फार गरजेचं होतं. आपल्याकडं लीडर अचानक गप्प बसला की पोरं आठवड्यात कथा रचतात, पाप काय, मुलगी कोण, सगळं.

मग प्रश्न आला की करायचं कुणी. त्या यादीतली कामं ताईनं दुसऱ्या वर्षाच्या तिघांत आणि पहिल्या वर्षाच्या दोघांत वाटली, प्रत्येक कामाला दोघं, एक जुना एक नवा. पैशालाही दोघं, वहीवर दोघांची सही, चहाचे असले तरी. फक्त होस्टेलवरच्या नव्या मुलांना भेटणं हे काम तिनं नवख्यांच्या हातात सुटं दिलं नाही, आमच्यातला एक जण बरोबर असायचा. त्यामागं कारण आहे. राज्यघटनेचं कलम २५ आपल्याला धर्म मानायचा, आचरायचा आणि सांगायचाही हक्क देतं, आणि १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेही सांगितलंय की सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी साध्या माणुसकीची गोष्ट आहे, की घरापासून लांब आलेल्या, पैशाची ओढाताण असलेल्या पोराला नोट्स, डबा, फीची मदत करताना तिला कसलाही दोरा बांधायचा नाही. कुणी दुसऱ्या धर्मातला आला तर त्याला पहिल्याच दिवशी सांगायचं की ही ख्रिस्ती प्रार्थनासभा आहे, इथं बायबल वाचतो, तुला बसायचं असेल तर बस, नाहीतर बाहेर चहा प्यायला भेटू. कॉलेजच्या आवारात परवानगीशिवाय काही करायचं नाही. ही शिस्त उत्साही पोरांना आवडत नाही, त्यांना वाटतं आपण भित्रे आहोत. पण लीडर घडवायचा म्हणजे माइक धरायला शिकवणं थोडं आणि हे शिकवणं जास्त.

सगळ्यात अवघड गेलं बायबल स्टडी. ती आली बीएस्सीच्या एका मुलीवर, आजऱ्याकडची, बोलायला चुणचुणीत पण चारचौघांत शिकवायचं म्हटल्यावर घाम फुटलेला. मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय होता, पक्षाघाती माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळं आत शिरता येत नाही म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात तो. गुरुवारी ती ताईकडं तयारी दाखवायला आली तेव्हा वहीत चौदा प्रश्न, आणि बहुतेक असे की उत्तर 'हो' किंवा 'येशू'. ताईनं एकही प्रश्न स्वतः लिहून दिला नाही. म्हणाली, आधी उतारा माझ्यासमोर मोठ्यानं वाच. मग, तुला स्वतःला यात काय कळलं नाही ते सांग. पोरीला तीन गोष्टी कळल्या नव्हत्या आणि त्या तिनं लाजत सांगितल्या, जसं की माणूस आलाय चालता येत नाही म्हणून आणि येशू आधी पापांच्या क्षमेचं का बोलतो. ताई म्हणाली, हेच विचार की मग. चौदाचे पाच झाले.

शनिवारी मी मुद्दाम गेलो होतो. पहिला प्रश्न विचारला आणि खोली गार. कुणी बोलेना. पोरीनं ताईकडं बघितलं, ताईनं बायबलमध्ये बघितलं. शांतता इतकी लांबली की बाहेर केएमटीची बस वळताना ऐकू आली, आणि मला माहीत होतं की ताईला उत्तर तोंडावर आलंय, शिक्षिका बाई ती, गप्प बसणं तिच्या स्वभावातच नाही. मग कोपऱ्यातला पहिल्या वर्षाचा एक पोरगा म्हणाला, "पण त्या घराच्या छपराचे पैसे कुणी दिले?"

हशा पिकला. पण पोरीनं तो प्रश्न सोडला नाही, म्हणाली खरंच कुणी दिले असतील, ते घर कुणाचं असेल, आणि मग जी चर्चा पेटली ती काही विचारू नका. एकजण म्हणाला आमच्या गावात कौलं काढली तर पंचायत बसते, दुसरी म्हणाली चौघांना भरावे लागले असणार, तिसरा म्हणाला म्हणजे मित्राला आणायची पण किंमत असते, आणि तिथनं गाडी बरोबर विश्वासावर आणि क्षमेवर आली. ती सगळी दिशा पोरांनी काढली. मेकॅनिकल मागं बसून ऐकत होता, एकदाच बोलला, तेही नीट. स्टडी संपल्यावर ताईनं पोरीला शाबासकी दिलीच, पण लगेच विचारलं की कुठं अडकलीस आणि पुढच्या वेळी काय वेगळं करशील. ती म्हणाली शांतता झाली तेव्हा पळून जावंसं वाटलं. ताई म्हणाली पळाली नाहीस ना, मग झालं.

हे वाचून सगळं छान झालं असं वाटत असेल तर तसं नाही. दिवाळीपर्यंत हजेरी बरीच पडली. गाण्याला गिटार नाही, त्यामुळं गाणी रडकी व्हायची, एकदा मेसेज टाकायला दोघंही विसरले आणि खोलीत वॉचमनकाका आणि मी असे दोघंच, एकदा चहाच्या पैशावरून दोन पोरांत चांगलंच वाजलं. नर्सिंगची एक मुलगी सरळ सांगून दुसऱ्या ठिकाणी जायला लागली, म्हणाली इथं आता मजा नाही. बँकवाला प्रत्येक वेळी मला मेसेज करायचा, बघ, मी म्हणत होतो. त्याला मी म्हटलं की मेकॅनिकल दोन वर्षांत पास होऊन गेला असता तर हीच पडझड तेव्हा झाली असती, आणि तेव्हा सावरायला तोही नसता. आत्ता निदान तो खोलीत आहे, कुणाला सूर सापडला नाही तर विचारता येतं. पण हे बोलताना मलाही खात्री नव्हती, हेही खरं.

हिवाळ्याच्या परीक्षेत मेकॅनिकलचा मॅथ्स थ्री सुटला. बाकीच्या दोनपैकी एक सुटला, एक थोडक्यात राहिला. वायडी टळली. वडील खूश आहेत असं म्हणता येणार नाही, निकालाच्या दिवशी त्यांचा ताईला अजून फोन येतो आणि ते आधी राहिलेल्या विषयाचं विचारतात, मग बाकीचं. ताईलाही ते बरं वाटतं. आता ती प्रत्येक लीडर पोराला पंधरा दिवसांनी भेटते आणि पहिला प्रश्न अभ्यासाचा, दुसरा घरचा, गटाचा विषय चहा संपता संपता. काही पोरांना हे फार शाळकरी वाटतं. वाटू दे.

एक ठोस बदल झाला तो असा की हॅन्डओव्हर जूनवरून जानेवारीवर आणलं. पौलानं तीमथ्याला लिहिलेलं ते वचन, की तू ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव म्हणजे ते आणखी दुसऱ्यांना शिकवतील, आपण पिढ्यानपिढ्यांच्या हिशेबानं वाचतो. कॉलेजात पिढी तीन वर्षांची, इंजिनिअरिंगला चार, आणि त्यातलं शेवटचं वर्ष प्रोजेक्ट, प्लेसमेंट आणि एमपीएससीच्या क्लासनं खाल्लेलं. म्हणजे ज्याला तिसऱ्या वर्षी पुढं करायचं त्याला पहिल्या वर्षाच्या दिवाळीतच काहीतरी हातात द्यायला हवं, सतरंजी का असेना. जानेवारीत जबाबदारी बदलली की जुने लोक अजून चारपाच महिने आसपास असतात, चुकलं तर विचारता येतं, आणि त्यांच्या परीक्षेच्या आधी त्यांचे हातही मोकळे होतात. मेकॅनिकलला परत काय द्यायचं यावर आमचा बराच वाद झाला. शेवटी त्यानंच सांगितलं की मला लीडर नको, मी पहिल्या वर्षाच्या दोघांना गिटार शिकवतो. सध्या ते दोघं शनिवारी अर्धा तास आधी येऊन जी आणि सी या दोनच कॉर्डवर सगळी गाणी ओढतात, ऐकवत नाही, पण चाललंय.

लीडरशिप आली आजऱ्याच्या पोरीवर आणि तिच्याबरोबर दुसऱ्या वर्षाच्या एका मुलावर. आता नवीन अडचण अशी की तिच्या होस्टेलचं गेट सातला बंद होतं आणि आमची सभा सुटते साडेसातला, याआधी लीडर कायम मुलगेच होते म्हणून हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, मुली आपल्या प्रार्थना चालू असताना गुपचूप उठून जायच्या. तिनं पहिल्याच मीटिंगला सभा चारला घ्यायची मागणी केली. बावड्याची पोरं म्हणतात शनिवारी आमचं प्रॅक्टिकल साडेचारला सुटतं. रविवारी उपासनेनंतर घ्यायची तर गावी जाणारी पोरं बुडतात. ताईला मी विचारलं तू काय ठरवलंस, तर म्हणाली मी कशाला ठरवू, त्यांना सांगितलंय दोघांनी बसून काढा मार्ग आणि मला गुरुवारपर्यंत कळवा.